करुणेचे अभंग आणि आजचा गोड गळा

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत पहाटे काकडा चालतो. भूपाळ्या होतात, वासुदेव होतो आणि मग आंधळे, पांगळे, बहिरे, मुके यांची रूपके येतात. टाळ वाजवणारा माणूस धडधाकट असतो, पण अभंगापुरता तो देवाच्या दारातला भिकारी होतो. एकनाथांच्या बहिऱ्याच्या रूपकात तर हे बहिरेपण आले कुठून, तेही सांगितलेले आहे. कान चांगले होते तेव्हा कीर्तन ऐकले नाही, पुराण ऐकले नाही, संतांजवळ बसलो नाही. हे व्यंग दैवाने दिलेले नाही, स्वतःच्या हट्टाने ओढवून घेतलेले आहे. आणि तरीही दान मागायला दार तेच.

मराठीतल्या करुणापर रचनेचे मर्म मला या जागी सापडते. चुकलो, हे सांगणे त्या मानाने सोपे असते. चुकतो आहे हे कळते, वळायचे कुठे तेही कळते, आणि तरी पाय वळत नाही, हे देवाला तोंडावर सांगणे अवघड. संतांनी ते सांगितले आणि त्या सांगण्याला छंद दिला, चाल दिली, म्हणण्याची वेळ आणि क्रम दिला. म्हणून ती कला झाली. आज या कलेकडे पाहिले तर गळे तयार आहेत, साथ नेमकी आहे, श्रोतेही भरपूर आहेत. पण करुणेच्या अभंगातली कबुली गाण्यातून निसटत चालली आहे आणि विनवणी तेवढी मागे राहिली आहे. कबुली गेली की विनवणीची मागणी होते. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते, कारण जे निसटते आहे ते या परंपरेचे हृदय आहे.

आधी मूळ रचनांकडे पाहू. नामदेवांचा देवाशी व्यवहार लहान मुलाचा आहे. रुसणे, अडून बसणे, बोल लावणे, मग गळ्यात पडणे. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्याही देते. हा हट्टच आहे, पण त्याचे तोंड देवाकडे आहे. संतांनी मनाचा हट्टी स्वभाव नाकारला नाही, त्याची दिशा बदलली. तुकोबांच्या चरित्रात हे सर्वांत ठळक दिसते. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हा ते तेरा दिवस नदीकाठी धरणे धरून बसले, अशी परंपरेची आठवण आहे. त्या प्रसंगाचे म्हणून जे अभंग गाथेत सापडतात त्यांत तक्रार आहे, पश्चात्ताप आहे आणि मध्येच देवाला कष्टवले याची लाजही आहे. हे सगळे एकाच आवाजात, एकापाठोपाठ. साडेचार हजारांवर अभंगांच्या त्या गाथेत स्वतःचे दोष सांगणारे अभंग मुबलक आहेत, आणि ते दोष मोघम नाहीत. लोकांनी साधू म्हटले की आतून सुखावतो, बोलतो एक आणि मनात दुसरेच असते, कीर्तन करताना मान हवासा वाटतो, अशा तपशिलात ते उतरतात. 'मी पापी' एवढ्यावर ते थांबत नाहीत. पाप कोणत्या कोपऱ्यात बसले आहे ते बोटाने दाखवतात.

छंदाने या कबुलीला केवढी मदत केली आहे! मोठ्या अभंगाच्या कडव्यात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्यात जुळते आणि चौथा चरण यमकावाचून एकटा उभा राहतो. तीन चरणांत भरभरून बोलावे आणि चौथ्यात श्वास तुटावा अशी ही घडण आहे. तुकोबांच्या करुणेत पुष्कळदा मूळ मुद्दा या चार अक्षरांत पडतो. शरण आल्याचे, किंवा जमत नसल्याचे, इथेच कळते. चांगला भजनी गायक या तोकड्या चरणानंतर क्षणभर काहीच करत नाही, पखवाजाला बोलू देतो. ती रिकामी जागा अभंगाचाच भाग आहे.

रामदासांनी हेच काम वृत्ताने केले. त्यांची सर्वांत परिचित करुणाष्टके मालिनी वृत्तात आहेत. पंधरा अक्षरांपैकी पहिली सहा लघू, ती पळत येतात. मग गुरू अक्षरे लागतात आणि ओळ जड होते. धावणाऱ्या मनाला अडवून गुडघ्यावर बसवावे तशी ही ओळ चालते, आणि त्या अष्टकांचा विषयही तोच आहे: मन आवरत नाही, वेळ भलतीकडे गेला, तूच काही कर. मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्त याच्या उलट, एकसारखी पावले टाकणारे. तिथे रामदास मनाला उपदेश करतात. करुणाष्टकांत उपदेश करणाराच हात टेकतो. दोन्ही रचना एकाच माणसाच्या आहेत हे लक्षात ठेवून त्या म्हटल्या पाहिजेत, कारण उपदेशकाला स्वतःचा हट्ट कबूल करताना ऐकणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. सज्जनगडावरच्या सायंउपासनेत आणि अनेक घरांत दिवेलागणीला करुणाष्टके अजून म्हटली जातात. मात्र सरावाने त्यांचा वेग इतका वाढला आहे की सहा लघूंची धाव आणि नंतरची गुरूंची ठेच एकाच लयीत सपाट होऊन जाते.

मोरोपंतांची 'केकावली' आज जवळजवळ कोणी म्हणत नाही. पृथ्वी वृत्त, लांबलचक समास आणि पुराणातले दाखले, यांमुळे ती पंडिती ठरली आणि अभ्यासक्रमात अडकली. मला हे नुकसान वाटते. बारामतीच्या या पंडिताने देवापुढे दावा मांडला आहे. अजामिळ तरला, गजेंद्र तरला, अहल्या उद्धरली, मग माझ्याच वेळी विलंब का? स्वतःचा अपराध नाकारायचा नाही, पण दयेचे जुने दाखले समोर ठेवून न्यायाधीशालाच बांधून घ्यायचे. विद्वान माणसाचा हट्ट असाच असणार. त्याला सगळे ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्याच्याच आड तो लपतो. पंत तेच ठाऊकपण अर्जाच्या कामी लावतात. नारदीय कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या अजून कधीमधी ऐकू येतात. एखाद्या तरुण कीर्तनकाराने केकावलीतले दहा-बारा श्लोक घेऊन पूर्वरंग उभा केला, तर श्रोता दुर्बोधतेची तक्रार करणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आता गाण्याकडे. करुणेचा अभंग देवळातून रंगमंचावर आला त्यात १९३१ च्या 'संत कान्होपात्रा' नाटकाचा वाटा मोठा. बालगंधर्वांनी कान्होपात्रेच्या भूमिकेत अभंग गायले आणि मास्तर कृष्णरावांच्या चालींनी ते घराघरांत गेले. कान्होपात्रेचा अखेरचा धावा भैरवीत स्थिरावला आणि मराठी मैफलीच्या शेवटाशी कायमचा जोडला गेला. यात मिळवलेले पुष्कळ आहे. भैरवीचे कोमल स्वर विनवणीला जितके शोभतात तितके दुसऱ्या कशाला क्वचितच. पण मैफलीच्या शेवटी येणाऱ्या भैरवीचे काम निरोप देण्याचे असते. श्रोता तोवर तृप्त झालेला असतो, उठायच्या तयारीत असतो. राजसत्तेच्या तावडीतून सुटण्यासाठी देवाला साद घालणाऱ्या बाईचा आकांत त्या तृप्तीच्या वेळी गायला जातो आणि तो गोड लागतो. इथपासून गोडव्याची सुरुवात झाली असे मी मानतो.

पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आला. विष्णुपंत पागनीस त्यात गाताना जे करतात त्याचा आजच्या प्रत्येक अभंगगायकाने अभ्यास करावा. आवाज साधा, ताना नाहीत, आणि प्रत्येक शब्द कोणाशी तरी बोलल्यासारखा. गाणे अडते तिथे अडू देतात. केशवराव भोळ्यांनी चालींना भजनाची जमीन दिली आणि तिच्यावर भलती नक्षी चढू दिली नाही. विनवणी ही संभाषणाची जात आहे, मैफलीची नव्हे, हे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, भोळे आणि पागनीस या चौघांना नेमके उमगले होते.

पुढे रेकॉर्डने जे केले त्याची चर्चा फारशी झालेली नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास वेळ. सहा-सात कडव्यांचा अभंग त्यात बसत नाही. मग धृपद, दोन कडवी आणि नाममुद्रेचे कडवे, एवढा साचा ठरला. कोणती कडवी गळली? बहुधा मधली. आणि कबुली बहुतेक वेळा मधल्या कडव्यांत असते. सुरुवातीला हाक असते, शेवटी शरणागती असते, मध्ये माणूस आपले दोष सांगतो. हाक आणि शरणागती टिकली, मधला माणूस गेला. लाँग प्ले आली, कॅसेट आली, वेळेची अडचण संपली, तरी साचा तोच राहिला, कारण तोवर श्रोत्यांच्या कानाला आणि गायकांच्या वहीला तेवढाच अभंग ठाऊक होता. आज तर मोबाइलवर मिनिटभराचे तुकडे फिरतात. त्यांत फक्त धृपद उरते.

अपवाद आहेत, आणि त्यांनीच कलेची उंची ठरवली. श्रीनिवास खळ्यांच्या चालींवर लता मंगेशकरांनी गायलेल्या 'अभंग तुकयाचे'मध्ये चाली अवघड आहेत, पण शब्द कुठेही गुदमरत नाही. खळे स्वरांची वळणे शब्दाच्या अर्थाजवळ ठेवतात, आणि लताबाईंचा उच्चार इतका स्वच्छ आहे की तुकोबांचे काकुळतीला येणे स्वराच्या आधी शब्दातून पोचते. भीमसेन जोशींच्या संतवाणीने अभंगाला प्रचंड श्रोतृवर्ग मिळवून दिला. भेटीची ओढ आणि नामाचा आनंद यांत त्या आवाजाला तोड नाही. पण कबुलीच्या अभंगात तो आवाज इतका समर्थ वाटतो की हा माणूस कशाने हरला असेल, यावर विश्वास बसत नाही. हे त्यांचे न्यून मानू नये. प्रत्येक थोर आवाजाचा एक प्रांत असतो. दोष नंतरच्यांचा आहे. त्यांनी भीमसेनांचा जोर उचलला आणि सगळ्याच भावांवर तो लावला. परिणामी नामाचा गजर आणि अपराधाची कबुली एकाच पट्टीत, एकाच ठेक्यात, शेवटी एकाच द्रुत लयीत ऐकू येतात. शेवटच्या कडव्याला लय चढवायची आणि टाळ्या घ्यायच्या, ही पद्धत आनंदाच्या अभंगाला शोभते. माफी मागताना वेग का वाढावा?

गेल्या काही वर्षांत तरुण गायकांनी गिटार आणि ड्रम घेऊन अभंग गायला सुरुवात केली. 'अभंग रिपोस्ट'सारख्या गटांमुळे महाविद्यालयातली मुले संतांचे शब्द गुणगुणू लागली, याचा मला आनंद आहे. वाद्यांबद्दल माझी तक्रार नाही. रॉक संगीतात स्वतःवर चिडण्याची, स्वतःला फाडून दाखवण्याची जी ताकद आहे ती करुणेच्या अभंगाला खरे तर फार उपयोगी पडावी. पण हे तरुण नाचता येतील असे अभंग अधिक निवडतात. त्यांनी तुकोबांचा आत्मनिंदेचा एखादा अभंग उचलावा, संपूर्ण, सगळ्या कडव्यांसह. त्यातला कर्कश सच्चेपणा संथ शास्त्रीय मैफलीपेक्षा त्यांच्याच वाद्यांवर अधिक उघडा पडेल.

कीर्तनाची गोष्ट आणखी नाजूक आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कीर्तनकार घडवण्याची एक शिस्त उभी राहिली. अभंगाचे चरण सोडवणे, प्रमाणे देणे, टाळकऱ्यांशी मेळ, हे सगळे तिथे शिकवले जाते आणि आजही चांगले निरूपणकार त्यातूनच येतात. पण सप्ताहांच्या मांडवांतून आणि विशेषतः मोबाइलवरून जे कीर्तन सर्वाधिक पसरते आहे, त्यात एक बदल सतत जाणवतो. संत 'मी' म्हणत होते. आजचा लोकप्रिय कीर्तनकार 'तुम्ही' म्हणतो. तुकोबांनी स्वतःला लावलेला बोल तो समोरच्या मांडवाला लावतो. मुली कशा वागतात, पोरे कशी पितात, सुना कशा बोलतात, याची झोडपणी होते आणि मांडव हसतो. झोडपले जाते ते नेहमी शेजाऱ्याला, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हट्टाला धक्काही लागत नाही.

कीर्तनात समाजाला बोल लावू नये, असे मला म्हणायचे नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर तेच केले. पण ते प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर काढून घेत, आणि त्याआधी दिवसा हातात खराटा घेऊन त्याच गावाचा रस्ता झाडत. बोलणारा आधी स्वतः वाकलेला होता. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणत सामुदायिक प्रार्थना रुजवली. तिच्यातही सगळे एका पातळीवर बसतात, वर व्यासपीठ आणि खाली श्रोते अशी मांडणी नसते. करुणेच्या अभंगावर निरूपण करताना कीर्तनकाराने निदान एकदा तो अभंग स्वतःच्या नावाने बोलावा. विदागीबद्दल, मानाबद्दल, गर्दीच्या हौसेबद्दल तुकोबा जे स्वतःला सुनावतात, ते आजच्या सप्ताहात फार थेट लागू आहे. ते जो बोलेल त्याचे कीर्तन लोक विसरणार नाहीत.

मराठीतली ही कला एका संप्रदायाची नाही, हेही या पाहणीत आले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओवीत बायबलची कथा सांगताना या इंग्रज पाद्र्याने मानवाच्या आज्ञाभंगापासून क्षमेपर्यंतचा सगळा प्रवास आपल्या भाषेत आणला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंगाचा छंद सोडला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यांच्या रचना 'उपासना संगीत'मधून मराठी चर्चमध्ये गायल्या जातात आणि त्यांत पश्चात्ताप सरळ, घरगुती मराठीत बोलतो. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. यहुदी परंपरेत योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी योनाची कथा वाचतात. देवाने एकीकडे पाठवले आणि हा दुसरीकडे निघाला. माशाच्या पोटात गेल्यावर त्याने प्रार्थना केली, आणि सुटून आल्यावर देवाने शत्रूंना क्षमा केली म्हणून पुन्हा रुसला! हट्टी भक्ताचे याहून खरे चित्र जगाच्या साहित्यात क्वचित असेल, आणि नामदेवांच्या वाचकाला ते मुळीच परके वाटणार नाही.

मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तुकोबांचे अभंग साप्ताहिक उपासनेत आणले. रानडे आणि भांडारकर यांच्या धर्मपर व्याख्यानांत अभंगाचा शब्द जितक्या गांभीर्याने घेतला आहे तितका क्वचित घेतला गेला. उणीव होती ती गाण्याची आणि गर्दीची. शब्द ऐकणारे मूठभर राहिले, आणि गाणारे लाखो वारीच्या वाटेवर होते. शब्दाची ती काळजी आणि वारीचा तो कंठ एकत्र आले असते तर मराठी प्रार्थनेचा इतिहास वेगळा झाला असता.

लिखित कवितेत ही धारा विसाव्या शतकात एकदा पुन्हा उफाळून आली, ती बा. सी. मर्ढेकरांत. दुसऱ्या महायुद्धानंतरचे शहर, यंत्रे, उंदीर, रेल्वे यांची कविता लिहिणारा हा कवी आपल्यातला टणकपणा फोडण्याची याचना करतो, तेव्हा रामदासांच्या करुणाष्टकांचा सूर नव्या भाषेत ऐकू येतो. मर्ढेकरांचे वेगळेपण असे की त्यांना बुद्धिमान माणसाचा हट्ट ठाऊक आहे. भावना आतपर्यंत पोचत नाही, शब्द खोटे होतात, अहंकार आम्लासारखा सगळे विरघळवतो, हे त्यांच्या प्रार्थनेतले अपराध आहेत. 'काही कविता' १९४७ मधली आणि 'आणखी काही कविता' १९५१ मधली. त्यांच्यानंतर इतक्या निष्ठेने क्षमा मागणारी मराठी कविता मला तरी आढळलेली नाही. दिलीप चित्र्यांनी १९९० मध्ये 'पुन्हा तुकाराम' सिद्ध करून तुकोबांना आधुनिक वाचकासमोर आणले. वाचकाने तुकोबांचा बंडखोरपणा उचलला. त्यांचे रडणे बाजूला राहिले.

प्रार्थना मात्र लिहिल्या जात आहेत, आणि त्या शाळांतून म्हटल्या जातात. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (२०१४) आणि 'उबुंटू' (२०१७) या चित्रपटांतल्या प्रार्थना आज अनेक शाळांच्या परिपाठात आहेत. 'उबुंटू'मधली समीर सामंत यांची रचना माणसाने माणसासारखे वागावे एवढेच मागते, आणि त्या साधेपणामुळे ती टिकेल. या प्रार्थना बुद्धी, बळ, सद्भाव मागतात. वाट दाखव, ही विनवणी त्यांत आहे. वाट ठाऊक असून गेलो नाही, हे त्यांत नाही. कोवळ्या मुलांच्या तोंडी पापाची भाषा घालावी असे मला वाटत नाही. पण काल मी मित्राला खोटे बोललो, माझा वाटा मोठा असावा म्हणून भांडलो, हे सांगण्याइतकी समज आठ वर्षांच्या मुलाला असते. सांगून झाल्यावर हलके वाटते, हेही त्याला कळते. तशी एक रचना कोणा कवीने मुलांसाठी लिहावी.

आणि आता या परंपरेतली सर्वांत मोठी उणीव. संतांनी 'मी' म्हणून क्षमा मागितली. 'आम्ही' म्हणून मागितलेली क्षमा मराठी भक्तिगीतात जवळजवळ नाहीच. चोखामेळ्याची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. त्याचे अभंग आपण करुणेचे म्हणून गातो. त्यांत तो स्वतःला हीन म्हणवतो आणि देवाला आत घेण्याची विनवणी करतो. त्याचा मुलगा कर्ममेळा इतका नमत नाही. आम्हाला असे जन्माला घालून तुला काय मिळाले, असा रोकडा सवाल तो टाकतो. या बापलेकांचे अभंग गाताना अपराधी कोण, हा प्रश्न गाणाऱ्याला पडलाच पाहिजे. ज्याला दाराबाहेर ठेवले तो क्षमा मागतो आहे, आणि ज्यांनी ठेवले त्यांचे वंशज त्याच्या विनवणीतला गोडवा चाखत आहेत. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल प्रतिष्ठितांना प्रायश्चित्त सांगितले गेले, आणि रानड्यांसारख्या माणसाने ते घेतले. चहासाठी प्रायश्चित्ताचा विधी होता. चोखोबासाठी नव्हता.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्याला राजकीय मार्ग म्हणतात, पण मला ती समाजाच्या वतीने केलेली क्षमायाचना वाटते. शब्दांनी होत नव्हती म्हणून ती देहाने केली गेली. दार उघडले. पुढे नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्या दारात उभे राहून विनवण्याची गरजच संपवली. त्यांनी योग्य केले. पण त्यांनी विनवणी थांबवली म्हणून बाकीच्यांवरचे देणे फिटत नाही. वारकरी परंपरेत सामूहिक गायनाची जेवढी ताकद आहे तेवढी देशात थोड्याच ठिकाणी असेल. हजारो कंठ एका वेळी एक चरण उचलतात. मराठी कॅथलिक उपासनेत मिस्साच्या आरंभी सगळे एकदम, छातीवर हात मारत, आपले अपराध मोठ्याने कबूल करतात, आणि त्यात जे करायचे राहून गेले त्याचाही समावेश असतो. वसईच्या चर्चमध्ये हे मराठीत ऐकताना मला नेहमी वाटत आले आहे की याला टाळ-मृदंगाची जोड मिळावी.

असा अभंग लिहिला जाईल तेव्हा तो सहा-सहा-सहा-चारच्याच घडणीत असावा, म्हणजे टाळकऱ्यांना शिकावा लागणार नाही. त्यात 'आम्ही' असावे आणि अपराध नावानिशी असावेत: पाणवठा, देऊळ, स्मशान, पंगत. ठेका भजनी, लय संथ, शेवटी द्रुत नाही. कोणत्याही दिंडीच्या विणेकऱ्याने आषाढीला महाद्वारात, चोखोबांच्या समाधीकडे तोंड करून तो सुरू करावा.